दोन दारांचे उस्ताद

उस्तादांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच सापडायचा नाही. तिथे साखरेची डबी असायची, ॲल्युमिनियमची, घट्ट झाकणाची. कधीकाळी डॉक्टरांनी त्यांना आठ दिवस साखर बंद करायला सांगितली होती आणि त्यांनी ते आमच्या फाटकासमोरच्या चहावाल्याच्या कानावर घातलं होतं. आठ दिवस संपले, पथ्यही संपलं, पण चहावाला त्यांचा कप बिनसाखरेचाच आणत राहिला. मला हे कळलं तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती. चहा आला की उस्ताद आधी रस्त्याकडे बघायचे, चहावाला पाठमोरा झाला की डबी काढायचे आणि दोन चमचे साखर टाकून बोटानं ढवळायचे.

"उस्ताद, त्याला सांगून का टाकत नाही?" मी एकदा विचारलं.

"नऊ वर्षं ध्यानात ठेवून राह्यला तो, बाबूजी. एवढ्या गर्दीत माझा कप अलग काढते. आता त्याले सांगू का, की तू नऊ वर्षं चुकून राह्यला?"

"पण तुम्हाला साखर तर हवी असते!"

"मंग डबी कायले ठेवली?"

मी आकडे जुळवणारा माणूस आहे. बेरीज चुकली तर चूक सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. चुकीशी संसार मांडून बसलेला माणूस मी उस्तादांआधी पाहिला नव्हता.

ते मूळचे दारव्ह्याचे. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, यांनीही तेच सुरू केलं आणि रेडिओ मागे पडल्यावर कुणाच्याही मदतीशिवाय, जुनी पुस्तकं आणून संगणक शिकले. त्यांची स्कूटर वडिलांची होती. वडिलांनी कधीतरी घाईत गिअरच्या तारा उलट जोडल्या आणि त्यांना तीच सवय लागली. मुलानंही ती मोडली नाही. पहिल्याच्या जागी चौथा, चौथ्याच्या जागी पहिला. स्कूटर उसनी नेणारे सगळे पडले. मला माहीत असलेले पाच, त्यात मी तिसरा. शेवटी उस्तादांनी तिच्यावर पाटी लावली: 'गिअर उलटे आहेत. सवय झाल्यास सुलटे वाटतील.'

घराचंही तसंच. रस्ता दुसऱ्या बाजूनं झाला तेव्हा त्यांनी दर्शनी दार तिकडे काढलं, पण गल्लीतलं जुनं दार बुजवलं नाही. दूधवाला आणि त्यांची म्हातारी खाला, म्हणजे मावशी, त्या दारानं यायचे. ते उघडलं की माणूस थेट स्वयंपाकघरात, चुलीच्या पुढ्यात. मी पहिल्यांदा गेलो तो याच दारातून. भाभी पोळ्या लाटत होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "या भाऊ. पहिल्यांदा आलेला माणूस इथूनच येते. दोन दारं, दोन कड्या. उद्या चोर आला तं पळायचं कोणत्या दारानं, हे त्याले बिचाऱ्याले समजणार नाही."

"खाला हाय तवर हे दार राहीन," आतून उस्तादांचा आवाज आला.

"खाला तुमच्याआधी जाईन असं तुमाले कोनं सांगितलं?" भाभी म्हणाल्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, खरेदी केंद्रं मोजकी, आणि जे केंद्र उघडं असेल तिथे चहूकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर येऊन लागायचे. आमचं केंद्र दारव्ह्याबाहेरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या आवारात होतं; तिथे हिशेब माझ्याकडे, संगणक उस्तादांकडे. दोन-दोन दिवस रांग हलायची नाही. लोक कापसावरच निजायचे, बैल उभ्यानं रवंथ करायचे. अशा रांगेत माणसाजवळ एकच गोष्ट मोलाची असते, ती म्हणजे त्याचा नंबर. तो आमच्या हातात होता. फाटकावर प्रत्येक गाडीला पत्र्याचा बिल्ला मिळायचा आणि त्यावरचा आकडा तीन संगणकांतून फिरायचा: एक फाटकावर, एक काट्यावर, एक माझ्या टेबलावर.

संगणकात सगळ्यात खाली एक कार्यप्रणाली असते. वरचे कार्यक्रम तिच्याकडे मागणी करतात: ही नोंद उघड, यात लिही, बंद कर. विकतच्या कार्यप्रणालीवर आमची तीन जुनी यंत्रं एकमेकांशी बोलेनात, म्हणून उस्तादांनी तिच्यावर स्वतःची एक रचली. आम्ही तिला नुसतं 'सिस्टीम' म्हणायचो. ती चालायची चांगली. पण तिच्यात एक खोड होती. गाडी क्रमांक सोळाची नोंद उघड म्हटलं की ती उघडायची, हे ठीक. पण नसलेल्या क्रमांकाची नोंद मागितली तर 'नाही' म्हणायच्याऐवजी ती गुपचूप नवी कोरी नोंद तयार करून तीच उघडून द्यायची. चुकीच्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवावी आणि आपला अपमान नको म्हणून कुणीतरी तिथे तेवढ्यात घर बांधून दार उघडावं, तसं.

फाटकावर हे सोयीचं होतं. नवा बिल्ला दिला, आकडा मारला, नोंद झाली. काट्यावर मात्र गोंधळ व्हायचा. काटेवाल्यानं १०१६ च्या जागी १०६१ मारलं आणि तो बिल्ला अजून फाटकातून आलेलाच नसला, तरी सिस्टीम १०६१ नावाची गाडी जन्माला घालून तिच्यावर वजन चढवायची. संध्याकाळी मी दोन्ही याद्या लावायचो. फाटकातून आलेल्या गाड्या एकशे बारा, काट्यावर तोललेल्याही एकशे बारा, पण त्यातले दोन नंबर फाटकाच्या यादीतच नव्हते. म्हणजे दोन गाड्या भिंतीतून आल्या होत्या. आणि खरा १०१६ वाला रिकामी गाडी घेऊन माझ्या खिडकीशी, "माहा कापूस गेला कुठं?"

मी उस्तादांच्या मागे लागलो. "नसेल तर नाही म्हणायला शिकवा हिला. एवढंच."

"बाबूजी, चूक एक दिवस चूक असते. दुसऱ्या दिवशी तिले गिऱ्हाईक भेटते. मंग ते दुकान होते."

"कोण गिऱ्हाईक?"

"ते मले मालूम नाही. म्हणूनच भेव लागते."

दोन हंगाम हा वाद चालला. मी भुताच्या गाड्यांची यादी ठेवली होती. ती एकाहत्तरवर गेली तेव्हा मी साहेबांसमोर ठेवली. साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, अकोल्याकडून बदलून आलेले, स्वभावानं वाईट नव्हे पण घाईचे. त्यांनी यादीचं पहिलं पान पाहिलं आणि हुकूम दिला.

उस्तादांनी काम केलं, तक्रार केली नाही. यापुढे नोंद नसेल तर सिस्टीम स्पष्ट 'नाही' म्हणणार होती. नवी नोंद करायची तर आधी कळफलकाच्या वरच्या रांगेतली दुसरी कळ दाबायची. कुठलीही चूक झाली की एकच लांब आवाज. "चूक म्हणजे चूक, तिचे चार प्रकार कशाला?" हे मीच सांगितलं होतं. डिस्क माझ्या हातात देताना ते म्हणाले, "करून देल्लं. पण लिहून ठेवा, कोनतरी रडन."

मी परिपत्रक काढलं. सहा ओळींचं, मराठीत. फाटकावरच्या पुंडलिकभाऊंना दिलं, वाचून सही करा म्हणालो. त्यांनी सही केली.

पुंडलिकभाऊ फाटकाचे रखवालदार. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बिल्ला देणं, आकडा मारणं आणि आडवा बांबू वर करणं ही त्यांची कामं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी पहिल्या गाडीला बिल्ला दिला, आकडा मारला आणि बांबू वर करायला हात नेला. लांब आवाज झाला. हात तसाच राहिला. त्यांनी पुन्हा आकडा मारला. पुन्हा तोच आवाज. साडेनऊला मी कचेरीत पोचलो तेव्हा बांबू आडवाच होता आणि फाटकाबाहेर सत्तावन्न गाड्या होत्या. पहिल्या गाडीचा लाल्या नावाचा तांबडा बैल बांबूवर मान घासत होता आणि त्याचा मालक ओरडत होता, "अहो भाऊ, दीड तास झाला! ते डबडं बिघडलं का तुमी?"

माझ्या पाठोपाठ साहेब आले. त्यांनी आधी संगणकाकडे पाहिलं. त्याच्या पडद्यावर पुंडलिकभाऊंची टोपी अडकवलेली होती आणि टोपीच्या वर डब्याची पिशवी.

"ही टोपी कधीपासून इथे आहे?"

"संगणक आला तवापासून, साहेब."

"मग तुम्ही वाचता काय?"

"मी वाचत नाही ना साहेब. मी ऐकतो. एक टुक झालं की गाडी जुनी. पाण्याले गेली, वापस आली. टुकटुक झालं की नवी. आज ते दोन्ही बोलून राह्यलं नाही. नुसतं कण्हून राह्यलं."

तेव्हा कुठे मला समजलं. सिस्टीम तयार करताना उस्तादांनी तपासणीपुरते दोन आवाज घातले होते, नोंद सापडली तर एक, नवी केली तर दोन, आणि ते काढायचे राहून गेले होते. काट्यावर जिनिंगच्या यंत्रांच्या धडधडीत ते कुणालाच ऐकू येत नव्हते. फाटकावर एका माणसाचं सगळं काम त्यांच्यावर चाललं होतं.

साहेबांना रांग दिसत होती, बाकी काही नाही. त्यांनी तेवढ्यापुरत्या जुन्याच डिस्का लावायला सांगितल्या आणि पुंडलिकभाऊंना म्हणाले, "आज गुरुवार. सोमवारी मी स्वतः येतो. पडदा बघून काम करता आलं तर राहा फाटकावर. नाहीतर गोदामात जा."

गोदामात म्हणजे गाठी ढकलायला. छप्पन्न वर्षांच्या, कमरेत चमक भरणाऱ्या माणसाला गोदामात जा म्हणजे घरी जा, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. साहेबांना कळत होतं की नाही, मला माहीत नाही. पुंडलिकभाऊंनी टोपी काढून डोक्यावर घातली. कागद माझे चोख होते: यादी, हुकूम, परिपत्रक, सही. त्या चोख कागदांनी एका माणसाची जागा काढली होती.

शुक्रवारी उस्ताद फाटकावर आले आणि सरकीच्या पोत्यावर डोळे मिटून बसले. दिवसभर. साहेब जाताना म्हणाले, "हा माणूस कामाला आलाय की झोपायला?" उस्तादांनी डोळे न उघडता सलाम केला. चारच्या सुमाराला ते माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजव्यातही उतरून राह्यला. बिल्ल्यावरचा आकडा तो बोटानं चाचपते. तुमच्या परिपत्रकावर त्यानं नुसत्या कागदाच्या वासानं सही केली. हे आता कुठं लिहू नका."

"नाही लिहीत."

"मले वाटत होतं म्या लोकायले दार देल्लं. यानं दाराकडं पाह्यलंच नाही, तो कडीच्या आवाजावर जगून राह्यला. आपण काय लिहिलं ते नाही, बाबूजी. बाहेर काय ऐकू जाते, ते लोक वापरतात."

"मग आता?"

"आता जुनं जसं होतं तसं. त्याचं नाव तेच, त्याचा आवाज तोच. फाटक तेच वापरन. आन् काट्यासाठी दुसरी नवी मागणी: असन तरच उघड, नसन तं साफ नाही म्हण. काट्याचा कार्यक्रम तिच्यावर फिरवतो. तुमची भुतं बंद, त्याचं टुकटुक चालू."

"हे इतकं सोपं होतं? मग दोन वर्षं भांडलात कशाला?"

"दोन वर्षं तुम्ही म्हणत होते, हे बंद करा. मले दुसरं द्या, असं एकदा तरी म्हटलं का?"

मी आठवून पाहिलं. एकदाही म्हटलं नव्हतं.

सोमवारी साहेब आले. खुर्ची मागवली, फाटकाशीच बसले. "हं पुंडलिकराव, काढा ती टोपी. वाचा काय लिहिलंय."

उस्ताद मध्ये पडले. "साहेब, एक विनंती. वाचून काम चांगलं होते का ऐकून, हेच पाह्यचं ना? मंग दहा गाड्या मोजू. बाबूजी पडदा पाहून लिहिन, जुनी का नवी. पुंडलिकभाऊ पाठ फिरवून ऐकन आन् सांगन. बिल्ले मी फिरवतो. खरं काय ते माझ्या कागदावर राहीन."

साहेबांना गंमत वाटली असावी. पुंडलिकभाऊ रांगेकडे तोंड करून उभे राहिले, मी पडद्यासमोर बसलो. तेव्हा मला त्या टोपीचं दुसरं कारण कळलं. सकाळचं ऊन सरळ काचेवर येत होतं. पडद्यावर मला माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्या मागे कुठेतरी अक्षरं. मी हातानं आडोसा करून वाचत होतो.

"टुकटुक," संगणक.

"नवी," पुंडलिकभाऊ.

"टुक."

"जुनी. लाल्याची हाय. पाण्याले गेलती."

"न पाहता कसं समजलं?" साहेब.

"घुंगराची एक कडी तुटली हाय साहेब त्याची. खडखड वाजते."

दहा झाल्या. उस्तादांनी आपला कागद साहेबांकडे न देता माझ्याकडे दिला. "जुळवा बाबूजी. बेरीज तुमची पक्की." ही त्यांची लबाडी होती की विश्वास, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मी जुळवलं. पुंडलिकभाऊंनी दहाही बरोबर सांगितल्या होत्या. सातव्या गाडीला मी उन्हात 'जुनी' वाचलं होतं, ती नवी होती. ती खूण पेन्सिलीची होती आणि कागद माझ्या हातात होता. साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. दहा-दहा म्हटलं असतं तर मी वाचलो असतो, पण मग साहेब म्हणाले असते, बरोबरी आहे ना, मग पडदाच वापरा.

"माझ्या नऊ," मी म्हणालो. "त्यांच्या दहा."

रांगेतून लाल्याच्या मालकानं शिट्टी मारली. "बाबूले गोदामात पाठवा!"

सगळे हसले, साहेबही. उठताना त्यांनी पडद्यावर हात ठेवला, ऊन लागून तापला होता, झटकन काढला आणि म्हणाले, "ती टोपी घाला याच्यावर परत." निर्णय एवढाच. लेखी काहीही मिळालं नाही. मी मागितलंही नाही, आणि हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

पुंडलिकभाऊ पुढची दोन्ही वर्षं फाटकावर राहिले. काट्यावरची भुतं त्याच आठवड्यात संपली. याद्या एकमेकींना तंतोतंत जुळू लागल्या. पुढे उस्ताद मुलीकडे यवतमाळला राहायला गेले. दारव्ह्याचं घर विकताना त्यांनी घेणाऱ्याला अट घातली की खाला आहे तोवर गल्लीकडचं दार राहील. खाला अजून आहेत. घेणाऱ्याच्या बायकोनं आता चुलीपुढे एक पडदा लावला आहे.

जाण्याआधी त्यांनी मला सिस्टीम शिकवली, लागेल तेवढी. कचेरीतली त्यांची खुर्चीही मला मिळाली. पहिल्याच दिवशी चहावाल्यानं त्या टेबलावर कप ठेवला, बिनसाखरेचा. मी स्पष्ट माणूस. लगेच म्हणालो, "साखर टाकत जा."

त्याचा हात थांबला. "म्हणजे उस्तादजीले साखर चालत होती?"

त्याचा चेहरा बघून मी म्हणालो, "छे, त्यांना कुठली चालते? मलाच लागते." मी हिशेबाचा माणूस, खोटं मोजून बोललो: एक.

पुंडलिकभाऊ निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या माणसाची नजर चांगली होती. त्यानं फाटकावर छप्पर घालून घेतलं आणि तो पडदा वाचायचा. एक हंगाम गेला. मग मी सिस्टीमचा मूळ मजकूर उघडला, तर जुन्या मागणीच्या वर उस्तादांनी रोमन अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती: 'हा आवाज पुंडलिकभाऊसाठी. ते घरी गेले की काढणे. आधी विचारणे.'

मी नव्या माणसाला विचारलं. त्याला आवाजाची गरज नव्हती, उलट डोकं उठायचं. काटेवाल्याला विचारलं. साहेबांना विचारलं. तिघांचे जबाब लिहून घेतले आणि आवाज काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा मारला गेला, बांबू वर गेला आणि पहिली गाडी हललीच नाही. गाडीवर कापसात मालक झोपला होता. नव्या माणसानं त्याला हाका मारून उठवलं. त्यानं कासरा ओढला, तरी गाडी हलेना. मी त्या दिवशी मुद्दाम आठलाच आलो होतो, कचेरीतून धावत गेलो. बैल तांबडा होता, आता थोडा म्हातारा. एका घुंगराची कडी तुटलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मलेच इचारता?" लाल्याचा मालक डोळे चोळत म्हणाला. "तुमचं टुकटुक कुठं गेलं? आमी तं त्याच्यावरच उठतो. सारी रांग त्याच्यावर उठते. आन् हा तं टुकटुक झाल्याबिगर पाय उचलत नाही. वर्षं झाली त्याले."

मागे पाहिलं. रांगेत बऱ्याच गाड्यांवर माणसं आडवी होती आणि बैल कान टवकारून उभे होते.

मी आत जाऊन बसलो. अर्ध्या तासात आवाज परत घातला. बाहेर टुकटुक झालं आणि चाकांची करकर ऐकू आली. मग उस्तादांच्या टिपेखाली मी माझी टीप लिहिली, नियमाप्रमाणे, वेळ आणि कारणासह:

'सर्वांना विचारून काढला. पावणेनऊला परत बसवला. यापुढे काढू नये. कारण: बैल.'